धाकटीची कुरकुर

आवाज कुठून येतो ते सापडेपर्यंत मी गाडी विकणार नाही, असं मी थोरलीला सांगितलं. त्यावर ती म्हणाली की आवाज नाहीच, तर तो सापडणार कुठून? त्यापेक्षा विकायचीच नाही असं सरळ म्हणा.

थोरली म्हणजे माझी मुलगी. आम्हांला ती एकटीच. ती शाळेत जायला लागली त्या सुमारास घरात गाडी आली, माझ्या बायकोने गाडीचं नाव धाकटी ठेवलं, आणि तेव्हापासून मुलगी थोरली झाली. 'धाकटीला रोज पुसतात, माझ्या नाकाकडे कुणी बघत नाही,' असं ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत फिरायची. आता तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलंय, ऑफिसात तिला मॅडम म्हणतात, पण घरी ती थोरलीच.

धाकटी दोन सीटची. लांब नाक, आखूड पाठ, वर कापडाचं छत, तेही त्याच्या मनात असेल तेव्हाच बसणारं. तरुणपणी ती शर्यतीत पळत असणार. आमच्याकडे आली तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. तसली गाडी माझ्या ऐपतीतली नव्हती, पण मोडकी म्हणून ती कुणालाच नको होती आणि मालकाला जागा मोकळी करायची होती. आम्ही ती ढकलत घरी आणली. मी मागून ढकलत होतो आणि ही आत स्टिअरिंग धरून बसली होती, रस्त्यातल्या लोकांना हात करत.

ही म्हणजे माझी बायको. मागच्या थंडीत ती गेली.

गाडीचं काम आम्ही दोघं मिळून करायचो. म्हणजे मी काम करायचो आणि ही बसायची. पण बसायलाही माणूस लागतं. ब्रेकच्या नळीतली हवा काढायची तर एकाने खाली झोपून नट सोडायचा, एकाने वर पाय दाबायचा. मी खालून ओरडायचो, दाब, सोड, दाब, सोड. 'एवढं मी माझ्या आईचंही ऐकलं नाही,' ती म्हणायची. पलीकडचं दार बसवलं तेव्हा तर ती अख्खा दिवस शेजारच्या सीटवर बसून मटार सोलत होती. संध्याकाळी दार बसलं आणि धाकटीच्या तळाशी टरफलांचा ढीग झाला होता.

चालवायचोही दोघं असतानाच. एकट्याने जायचं असेल तर मला बस होती, सायकल होती. धाकटी काढायची ती दोघांनी बाहेर पडायचं म्हणून.

ती गेल्यावर मी घरात एका जागी टिकेना. खुर्चीत बसलो की वाटायचं स्वयंपाकघरात काहीतरी राहिलंय. तिथे गेलो की वाटायचं शेडमध्ये जावं. शेडमध्ये जाऊन तेल बघायचो. तेल कालच बघितलेलं असायचं. पायाला भिंगरी लागल्यासारखं झालं होतं. मग एका सकाळी मी धाकटीला सुरू केलं आणि एकटाच बाहेर पडलो. उभ्या राहून गाड्या मरतात. इंजिनापेक्षा आधी रबर मरतं. तिला फिरवायला हवंच होतं.

पहिल्याच वळणावर आवाज आला.

मोठा नव्हता. दाताखाली खडा यावा तसा. सरळ रस्त्यावर गप्प, वळणावर, खड्ड्यावर, ब्रेक दाबला की पुन्हा. समोरच्या फळीखालून येतोय असं वाटायचं, मग वाटायचं सीटखालून, मग मागून. मी वळून बघितलं तर धाकटी सरळ फुटपाथकडे निघालेली. कशीबशी सावरली.

त्या दिवसापासून डोक्यात भुंगा शिरला. मी सगळं तपासायला घेतलं. जॅक काढून ठेवला, पाने काढून ठेवले, जादाचं चाक काढून ठेवलं. धुराच्या नळीला नवीन रबरं लावली. चाकांच्या स्प्रिंगचे पाटे धुऊन त्यांच्यात ग्रीस भरलं. समोरची फळी उघडून एकेक वायर बांधली. पलीकडचं दार तर मी सगळ्यात आधी बघितलं होतं. त्या सीटवर बसून आतून ओढलं, ढकललं, खांदा लावून दाबलं. घट्ट. खटका नीट खाचेत बसलेला. दारावर फुली मारून मी पुढच्या कामाला लागलो. प्रत्येक दुरुस्तीनंतर बाहेर पडायचो आणि प्रत्येक वेळी पहिल्याच वळणावर आवाज माझ्या आधी पोचलेला असायचा.

थोरली आली तेव्हा मी तिला शेजारी बसवून फेरी मारली. मुद्दाम खड्ड्यांतून नेली. धाकटी ढिम्म. लोण्यातून सुरी जावी तशी गेली. थोरलीने एक हात डोक्यावरच्या रुमालावर आणि एक हात दाराच्या पट्ट्यावर ठेवला होता, आणि ती रस्त्याकडे बघायच्या ऐवजी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, आत्ता नाही आला, पण येतो. ती बरं म्हणाली. तिचं ते 'बरं' मला आवडलं नाही. तिची आई आजारी असताना डॉक्टरांशी बोलून आल्यावर ती असंच 'बरं' म्हणायची.

आठवड्याने पुन्हा तेच. ती बसली, आवाज गेला. ती उतरली, मी कोपऱ्यापर्यंत गेलो, आवाज आला. मी परत फिरून तिला सांगायला गेलो तर ती पायरीवरच उभी होती.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही एकटे असता तेव्हाच येतो का तो?"

मी हो म्हटलं. म्हटल्यावर मला कळलं की मी काय कबूल करून बसलो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती पर्समध्ये किल्ली शोधायला लागली.

त्यानंतर जावयाचा फोन आला. जावई चांगला माणूस आहे, वाईट बातमी गोड आवाजात सांगतो. त्याच्या ओळखीचा एक गाडीवेडा होता. त्याच्याकडे मोठं गॅरेज होतं, धाकटीसारख्या आणखी दोघीतिघी होत्या. तिची हेळसांड होणार नाही. आणि मी त्यांच्याकडे राहायला यावं. त्यांचं घर वरच्या मजल्यावर, खाली दुचाकी लावायला भांडणं. म्हणजे माझी सोय होती, धाकटीची नव्हती. मी म्हटलं, मला न दिसणारं काही दिसत नाही, फक्त एक आवाज येतो. तो म्हणाला, हो हो, तसं कुणी म्हणतच नाहीये.

शेवटी मी आणि थोरली एका गोष्टीवर आलो. गाडीवेडा रविवारी संध्याकाळी येणार. त्याच्या आत मी तिला एकदा, फक्त एकदा, तो आवाज ऐकवायचा. ऐकवला तर ती विकण्याचा विषय कधी काढणार नाही. नाही ऐकवला तर धाकटी जाणार, आणि मी आधी कानाच्या डॉक्टरकडे आणि मग तिच्याकडे. 'आणि कानाचं काही नाही निघालं तर दुसऱ्या डॉक्टरकडे,' असं ती बोलली नाही, पण मला ऐकू आलं. म्हणजे माझे कान चांगले होते.

मी मिस्त्रीकडे गेलो. त्याचं गॅरेज बाजाराच्या मागे आहे आणि तो मला लिफ्टवाले म्हणतो. आमची जुनी ओळख, एकमेकांच्या धंद्यावर हसण्याची.

"आवाज कसा? खडखड, टकटक, करकर?" त्याने विचारलं.

मला सांगता येईना. मी तोंडाने करून दाखवला. तो म्हणाला, हा तर तुमच्या कवळीचा. मग तो हात पुसून शेजारी बसला आणि आम्ही बाजाराला वळसा घालून, रेल्वेच्या फाटकावरून, दगडी रस्त्याने फिरून आलो. काही नाही. मग त्याने चालवली आणि मी शेजारी बसलो. धाकटीची चावी मी कुणाला एकट्याला दिलेली नाही, मिस्त्रीलाही नाही. तेव्हाही काही नाही. मिस्त्रीने इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग म्हणाला की गाडी ठणठणीत आहे, वयाच्या मानाने तुमच्यामाझ्यापेक्षा चांगली. त्याची पण बायको काही वर्षांपूर्वी गेलेली. तो म्हणाला, मला बरेच दिवस भांड्यांचा आवाज यायचा.

मला त्याचा राग आला. मला भांड्यांचा आवाज येत नव्हता. मला गाडीचा येत होता.

परत जाताना मी घरी गेलोच नाही. टेकडीच्या रस्त्याला लागलो. त्या रस्त्यावर धाकटी वेगळी होते. खालच्या गिअरला चढ घेताना तिचा घसा मोकळा होतो, स्टिअरिंग हातात थरथरतं, आणि रस्त्याची बारीक खडीसुद्धा सीटमधून पाठीला कळते. नवीन गाड्यांत माणूस दिवाणखान्यात बसल्यासारखा बसतो. धाकटीत तो कामावर असतो. वळणाच्या आधी गिअर उतरवायचा, पायाच्या चवड्याने ब्रेक आणि टाचेने थोडा रेस, वळणाच्या पोटात तिला सोडून द्यायचं. जमलं तर ती अशी निघते की आपण काही केलंच नाही. मला अजून जमतं. दहातली आठ वळणं मी चांगली घेतली. ही शेजारी असती तर तिने चांगल्या वळणाला काही म्हटलं नसतं आणि चुकलेल्या दोन वळणांवर म्हटलं असतं, 'आता भाजी घेऊन जाऊ.'

प्रत्येक वळणावर आवाज होता. वरपर्यंत जाऊन मी थांबलोही नाही. तिथूनच वळवली आणि खाली आलो.

शनिवारी थोरलीने आईचं शिलाई मशीन मागितलं. तिला शिवता येत नाही, पण असू दे म्हणाली. मला वाटतं, मी तिच्याकडे जाणार हे धरून तिने सामान हलवायला सुरुवात केली होती. मशीन उचलून शेजारच्या सीटवर ठेवलं, पट्ट्याने बांधलं. त्याच्या पायाशी लोखंडी इस्त्री, मांडीवर ठेवावी तशी कात्र्या आणि कापडांची पेटी. सगळं मिळून चांगलं जड झालं. मी निघालो.

पहिल्या वळणावर आवाज आला नाही. मी वेग वाढवला. दुसऱ्या वळणावरही नाही. मोठ्या खड्ड्यात चाक गेलं तेव्हा आला, पण अगदी हलका, झोपेत कुणी दात खावेत तसा. आणि हा हलका आवाज मी आधी ऐकलेला होता. कुठे, ते आठवेना. मी थोरलीच्या घरापर्यंत तोच आठवत गेलो. जावयाने सामान वर नेलं. चहाला थांबा म्हणाला, मी थांबलो नाही. रिकामी धाकटी घेऊन फाटकाबाहेर वळलो आणि तो मोठा आवाज हजर.

मी गाडी कडेला घेतली.

जन्मभर लिफ्टचं काम केलं. नवा मुलगा कामावर आला की त्याला पहिल्या दिवशी सांगायचो, लिफ्ट रिकामी तपासायची आणि भरलेली तपासायची. रिकामी लिफ्ट वेगळी वाजते. आणि इथे मी मिस्त्रीला बसवून, थोरलीला बसवून, स्वतः त्या सीटवर बसून दार ओढून बघत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी उतरून पलीकडे गेलो. सीटवर हात न टेकता, बाहेरूनच, दार दोन बोटांनी हलवलं. हललं. खटका खाचेच्या तोंडाशी नुसता टेकला होता. मग एक हात सीटवर ठेवून जोर दिला आणि दुसऱ्या हाताने दार हलवलं. घट्ट.

पक्कं छत नसलेली गाडी मधे जराशी वाकते. धाकटीचा सांगाडा तर खालून गंजून पुन्हा जोडलेला. शेजारी माणूस बसलं की दाराची फट बदलायची, म्हणून मी हिला तिथे बसवून दार बसवलं होतं. बिजागरीमागे पातळ पत्र्याच्या चकत्या घालून, काढून, पुन्हा घालून. त्या मटार सोलायच्या दिवशी. ते दार हिच्या वजनाला बसवलेलं होतं. 'जाड झाले तर सांगीन हो, मग पुन्हा बसवा,' ती म्हणाली होती.

आणि मग तो हलका आवाज कुठला ते आठवलं. शेवटच्या महिन्यांत मी तिला दवाखान्यात धाकटीतूनच न्यायचो. टॅक्सी नको म्हणायची, टॅक्सीत आजारी वाटतं. अंगावर काही उरलं नव्हतं तिच्या, मी उचलून बसवायचो. एकदा वळणावर ती म्हणाली, "अहो, धाकटी कुरकुरतेय." मी म्हटलं, आधी तुझं बघू, मग तिचं.

बाजूने गाड्या जात होत्या. एक जण काच खाली करून बंद पडली का विचारून गेला. मी नाही म्हटलं. बराच वेळ मी दाराला धरून उभा होतो आणि मग उभंही राहवेना, म्हणून घरी आलो.

रविवारी सकाळी थोरली आली. मी तिला शेडमध्ये नेलं आणि दोन बोटांनी दार हलवून दाखवलं. तिने ऐकलं, पण तिला पटलं नाही. दार आहे, हलणारच, ती म्हणाली. मग मी तिला सीटवर बसायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. मग उतरायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. ती दोन-तीनदा बसली, उतरली. मग मी तिला दार कसं बसवलं होतं ते सांगितलं. दवाखान्याच्या रस्त्याचं सांगितलं नाही. ते तिला न सांगताच कळलं, कारण ती एकदम म्हणाली, "म्हणजे आई बारीक होत गेली तेव्हापासून."

मी पाने काढले. दार काढायला दोन माणसं लागतात, एकाने पेलून धरायचं, एकाने बिजागरीचे नट सोडायचे. थोरलीने बाह्या सरसावल्या. नट जाम झाले होते, तेल सोडून वाट बघावी लागली. तेवढ्यात ती सीटकडे गेली आणि तिने विचारलं,

"मी बसू का? माझं आणि आईचं वजन साधारण सारखंच होतं. आजाराच्या आधीचं."

तिला बसवलं असतं तर एक चकतीही हलवायला लागली नसती. दार होतं तसंच राहिलं असतं, आणि ती संध्याकाळी घरी गेली की पुन्हा वाजलं असतं.

"नको," मी म्हटलं. "तू उभी राहून धर. सीट रिकामीच पाहिजे."

तिने धरलं. मी चकत्या काढायला लागलो. त्या एकमेकींना चिकटल्या होत्या, चाकूने सोडवाव्या लागल्या. एक काढली, दार लावून बघितलं. अजून एक काढली. खटका अर्धा बसायला लागला. खालच्या बिजागरीची एक काढून वरच्या बिजागरीला घातली. थोरलीचे हात भरून आले. एकदा ती म्हणाली की आई इथे काय करत बसायची दिवसभर. मी म्हटलं, मटार. ती हसली आणि दार तिच्या हातात हललं, आणि मला ते पुन्हा जुळवावं लागलं.

शेवटी रिकाम्या सीटला दार बसलं. दोन बोटांनी हलवलं, हललं नाही. मी एकटा धाकटी घेऊन निघालो. कोपरा, दगडी रस्ता, फाटक. काही नाही. मी मुद्दाम खड्ड्यात घातली. काही नाही. एवढे दिवस ज्याच्या मागे लागलो होतो ते गेलं होतं आणि मला त्या गप्प गाडीत बसवेना. मी अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो.

थोरली पायरीवर होती, हाताला ग्रीस.

"गेला?"

मी हो म्हटलं. मग माझ्या लक्षात आलं की आता मी तिला काहीच ऐकवू शकत नव्हतो. संध्याकाळी गाडीवेडा येणार होता. माझा पुरावा मीच माझ्या हाताने दुरुस्त करून टाकला होता. हे तिच्याही लक्षात आलं असावं. ती म्हणाली, चला, मला एक फेरी मारून आणा, मग बघू. रुमाल बांधून ती शेजारी बसली.

मी टेकडीच्या रस्त्याला घेतली. चढ लागला, मी गिअर उतरवला, धाकटीचा घसा मोकळा झाला. पहिलं वळण मी घाईत घेतलं, ते चुकलं. दुसरं मात्र नीट जमलं. आणि वळणाच्या मधोमध, थोरलीच्या कोपराखालून, तो आला.

ती दचकली. तिने दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी रस्त्याकडे बघत राहिलो. पुढच्या वळणावर पुन्हा आला. तिने खाली वाकून दाराला कान लावला.

"बाबा," ती म्हणाली, "कुरकुरतंय."

"दार धरून बस. आतून ओढून धर."

तिने दोन्ही हातांनी पट्टा ओढून धरला. आवाज थांबला. वरच्या वळणापर्यंत आम्ही तसेच गेलो. मग तिने विचारलं की घरी गेल्यावर चकत्या पुन्हा घालायच्या का, तिच्या वजनाला. नाहीतर ती येईल तेव्हा दर वेळी असंच वाजणार.

मी म्हटलं, "तू आलीस की वाजू दे."

तिने पट्टा एका हातात घेतला, दुसऱ्या हाताने फोन काढला आणि नवऱ्याला सांगितलं की त्या माणसाला येऊ नको म्हणावं. पलीकडून तो काहीतरी विचारत होता. वाऱ्यात तिला ऐकू येत नव्हतं. ती मोठ्याने म्हणाली, आवाज आहे, मी स्वतः ऐकला, ठेव आता, मला दार धरायचंय.

पुढे वळण होतं. मी गिअर उतरवला.